वरकसातल्या पुतळ्या

सासूच्या सोन्याच्या पुतळ्या वरकसात पुरलेल्या आहेत, हे बेलवलीच्या माईनं सुनेत्राला सांगितलं ते वाल सोलता सोलता.

माई म्हणजे सुनेत्राच्या सासूची, मथुराची धाकटी बहीण. इतकी वर्षं ती पेणला लेकीकडे होती. आता पाय सुजले, चालणं थांबलं, म्हणून मुलानं बेलवलीला आणून ठेवली होती. सुनेत्रा मांजर्लीतल्या फ्लॅटांमधून पोळ्या लाटून परत जाताना तिला बघायला शिरली. घरचं काय, शेताचं काय, असं बोलणं चाललं होतं. डोंगराकडची वरकस जमीन रस्त्यात गेली, मोजणीवाल्यांनी खुणा ठोकल्या, आठवड्याभरात पोकलेन लागणार, असं सुनेत्रा म्हणाली.

"मंग मथुराचा तांब्या काढला ना?" माईनं विचारलं.

"कंचा तांब्या?"

"आगो, डागांचा. शेजारच्या गावात चोरी जाली तवा तिनं नेऊन पुरला नाय का? मीच व्हते तिचे संगती. पुतळ्यांची माळ, ठुशी, पायांतलं वालं. सगला तांब्यात घातला, वर वाटी बसवली. मोहाचे खाली. जिथं ती भाकर खायला बसायची तिथं."

सुनेत्राच्या हातातला वाल परातीत पडला.

"माई, तू कधी बोलली कशी नाय?"

"मना कोन इचारलाच नाय. मी लेकीचे बालंतपनाला गेले, इकडं मथुरा आडवी जाली, वाचा गेली. मी आले ती तिचे मयताला. मना वाटलं, पोरांनी काढला आसंल." माईनं सोललेले वाल चाचपून बघितले. "भावाभावांचा फाटला ते ऐकला. जमिनीवरून आसंल म्हनलं."

जमिनीवरून नव्हतं. सासू गेल्यावर तिची पेटी उघडली तेव्हा तिच्यात नुसती लुगडी निघाली होती. त्याच महिन्यात सुनेत्राच्या नवऱ्यानं, रामभाऊनं रिक्षा घेतली. अंबरनाथची कंपनी बंद पडली, तिच्या हिशेबातून घेतली. पण थोरला भाऊ हरिचंद्र गावाच्या चौकात, मारुतीच्या देवळासमोर उभा राहून बोलला, "आयशीचे डाग इकले नि रिक्षा आनली." रामभाऊनं कंपनीचे कागद आणून दाखवले. हरिचंद्रनं ते हातात घेतले नाहीत. गावानं रिक्षेला नाव पाडलं, पुतळी. "पुतळी आली रे", म्हणून पोरं ओरडायची. रामभाऊ बदलापूर स्टेशनला भाडी मारायचा आणि गावात शिरताना मान खाली घालायचा. पुढे त्याला कावीळ झाली, ती लिव्हरवर गेली. तो गेला तेव्हा त्यांची मुलगी जिज्ञासा पाचवीत होती. हरिचंद्रनं खांदा दिला, पण नंतर दोन्ही घरांत बोलणं नव्हतं. सुनेत्रा हळदीला गेली की बायका आपापल्या पर्सा मांडीवर घ्यायच्या. कुणी काही बोलायचं नाही. फक्त पर्स मांडीवर यायची.

माईकडून सुनेत्रा घरी गेलीच नाही. तशीच उन्हातून जाऊन हरिचंद्रच्या ओटीखाली उभी राहिली.

हरिचंद्र खाटेवर पडला होता. सत्तरीला आलेला, पण अंगानं अजून खणखणीत माणूस. त्याची बायको गोदूबाई उंबऱ्यात सुकट निवडत बसली होती. मुलगा कमलेश जेवायला आला होता. उल्हासनगरच्या फर्निचर मार्केटला त्याचा टेम्पो चालायचा.

सुनेत्रानं माईचे शब्द जसेच्या तसे सांगितले. हरिचंद्र उठून बसला.

"आता आठवला माईला? जमीन जायला आली तवा?"

"मी नाय बोलत, भावजी. माई बोलते. जाऊन इचारा."

"इचारतो. आन नाय निंगाला तर?"

"तर नाय निंगाला. पन खणल्याबिगर मी जमीन सोडनार नाय. माझ्या मालकाचंपन नाव हाय सातबाऱ्यावर."

गोदूबाई सुकटीतून मान वर न काढता म्हणाली, "इचारून या आगोदर. भांडाया सगला जनम गेला."

हरिचंद्र संध्याकाळी बेलवलीला जाऊन आला. परत आल्यावर जेवला नाही. सकाळी कमलेशला एवढंच म्हणाला, "तुझा तो मशीनवाला कोन हाय, त्याला बोलव."

मशीनवाला म्हणजे उल्हासनगरचा धर्मेश. बिल्डरांच्या प्लॉटवर जमिनीखालचे पाइप आणि केबली शोधून द्यायचं काम करायचा. कमलेशच्याच वयाचा, गोरा, डोक्याला रुमाल बांधलेला. मशीन म्हणजे एक लांब दांडा, खाली ताटाएवढी चकती, वर छोटा पडदा. दांडा तो कोपराला पट्ट्यानं बांधायचा आणि चकती जमिनीवरून ओवाळल्यासारखी फिरवायचा.

"काकी, टेन्शन नही," तो वरकसात शिरताना म्हणाला. "तांब्याचा लोटा आहे ना? एकदम आसान. पाच मिनिट में बोलेगा."

वरकस म्हणजे डोंगराच्या पायथ्याचा उतार. पूर्वी तिथे नाचणी आणि वरी व्हायची. आता करवंदीच्या जाळ्या, जळकं गवत आणि काळे धोंडे. मोह तर कधीच वणव्यात गेला होता, त्याचं खोडसुद्धा शिल्लक नव्हतं. हरिचंद्र म्हणाला तो इथं होता, सुनेत्रा म्हणाली तो जरा वर होता. शेवटी दोघांनी दाखवलेली मिळून घराच्या अंगणाएवढी जागा ठरली.

धर्मेशनं मशीन चालू केलं, चकती जमिनीला नेली आणि मशीन ओरडायला लागलं. कमलेश टिकाव घेऊन धावला. हातभर खणलं, काळा धोंडा निघाला. बाजूला चकती नेली, तिथेही ओरडलं. तिथेही धोंडा. तिसरीकडे खणलं तर धोंडापण नाही, नुसता लाल मुरूम. धर्मेशनं मूठभर मुरूम उचलून चकतीसमोर धरला. मशीन मुरमावरही ओरडलं.

"अरे यार, इधर तो माटीच बोलती है."

"म्हंजे?" हरिचंद्रनं विचारलं. तो बांधावरच्या आंब्याच्या सावलीत गमछा पसरून बसला होता, हाताची घडी घालून.

"काका, हा काळा पत्थर आहे ना, ज्वालामुखीचा, इसमें लोहा है. मुरूम लाल कशाने आहे? लोहे का जंग. मशीन को सब धातूच दिखता है. मी उल्हासनगरला भरावाच्या जमिनीवर काम करतो, तिथे एवढं नाय."

"मंग तुझी मशीन कशाला आनली? धोंडं हायेत ते आमाला दिसतात."

धर्मेश पडद्यावरची बटणं दाबत राहिला.

त्या दिवशी ते ऊन कलेपर्यंत खणत होते. सुनेत्रा पहाटे मांजर्लीच्या पोळ्या उरकून आली होती. पदर खोचून ती कमलेशच्या बरोबरीनं टिकाव मारत होती. मुरूम भाजलेल्या विटेसारखा. टिकाव मारला की ठिणगी उडायची आणि हात खांद्यापर्यंत झिणझिणायचा. दुपारी तळहाताला फोड आले, तिन्हीसांजेला फुटले. काय निघालं, तर दारूच्या बाटल्यांची झाकणं, विजेच्या तारेचे तुकडे, एक मोडका कोयता आणि बैलाच्या खुराची लोखंडी पत्री. पत्री कमलेश फेकून देणार होता, तेवढ्यात हरिचंद्र उठून आला. त्यानं ती हातात घेतली, अंगठ्यानं माती काढली.

"सोन्याची हाय," तो म्हणाला.

"सोन्याची?" धर्मेश दचकला.

"सोन्या बैल व्हता आमचा. डाव्या अंगाचा. रामाचा लाडका." एवढं बोलून त्यानं पत्री खिशात टाकली आणि परत सावलीत जाऊन बसला. भावाचं नाव त्याच्या तोंडून सुनेत्रानं कितीतरी वर्षांनी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी जिज्ञासा सुट्टी घेऊन आली. बदलापूरला डोळ्याच्या दवाखान्यात ती चष्म्याचे नंबर काढायचं काम करायची. गोदूबाईही आली, भाकरी आणि पाण्याची कळशी घेऊन. उताराला सगळीकडे खड्डे पडले होते. धर्मेश कंटाळला होता. तो कमलेशला म्हणाला की माझं दुसरं काम आहे, हे होणार नाही.

जिज्ञासानं त्याला विचारलं, "तांब्या खरंच खाली असेल तर मशीन कसा आवाज देईल, ते तुम्हाला माहितेय का?"

"अच्छी जमीन में माहितेय. इधर नाही."

"मग आधी तेच ऐकून घ्या ना. आपणच एक तांब्या पुरू."

धर्मेशनं डोकं खाजवलं. "हो सकता है. पण फिर वैसाच पुरा. तांब्याचा लोटा, आत सोना. आणि मला जागा नाय दाखवायची. मी शोधतो. नाही तर कान झूठ बोलतो."

तांब्या होता, गोदूबाईनं पाण्यासाठी आणलेला. सोनं कुणाचं? सुनेत्राच्या गळ्यात काळी पोत नव्हती, हातात काचेच्याही बांगड्या नव्हत्या. जिज्ञासाच्या कानात खोटे मोती. कमलेशनं अंगठी दाखवली. धर्मेश म्हणाला, छोटी आहे.

गोदूबाई खाली बसली. हाताला खोबरेल चोळल्यासारखं करून तिनं थुंकीनं मनगट ओलं केलं आणि पाटल्या ओढायला लागली. हाड मोठं झालेलं, पाटल्या निघेनात. कातडी लाल झाली. एक निघाली, मग दुसरी.

"काय करतेस?" हरिचंद्र सावलीतून ओरडला.

"पाटल्या देतंय."

"कोनाचे हातात देतेस, समजतंय का?"

"समजतंय." गोदूबाईनं पाटल्या तांब्यात टाकल्या. त्या आत वाजल्या. तांब्या तिनं सुनेत्राच्या हातात दिला. "जा गो, पुरून ये. आनि सगल्यांनी तोंडं फिरवा. तुमीपन."

"मी नाय फिरवनार."

"मंग घरी जा," गोदूबाई म्हणाली.

हरिचंद्रनं मग हळूच डोंगराकडे तोंड केलं.

सगळ्यांच्या पाठी सुनेत्राकडे होत्या. ती हातात तांब्या घेऊन उभी राहिली.  इतक्या वर्षांत तिच्या हातात कुणी परकं सोनं दिलं नव्हतं, आणि दिलं असतं तर पाठ फिरवली नसती.  खाली बसून तिनं एका खड्ड्याचा तळ कोपरभर उकरला, तांब्या ठेवला, मुरूम ओढला. मग आजूबाजूच्या खड्ड्यांतही तसाच मुरूम ओढला, म्हणजे ताजी माती कुठली ते कळू नये.

"जाला," ती म्हणाली.  

धर्मेश फिरायला लागला. मशीन सगळीकडे ओरडत होतं. तो त्या खड्ड्यावरून गेला, थांबला नाही. परत आला, परत गेला. ऊन डोक्यावर आलं.

"गेल्या पाटल्या," हरिचंद्र म्हणाला.

 सुनेत्रा खालचा ओठ दाताखाली धरून उभी होती. धर्मेशनं मशीनचा जोर कमी केला, मुरमावर चकती वरखाली करून आवाज खाली आणला. मग जिज्ञासा म्हणाली, "आधी वरचे सुटे धोंडे काढून टाकू. गोंधळ तेवढा कमी होईल." तिनं आणि सुनेत्रानं घमेली भरभरून धोंडे बांधापलीकडे टाकले. तापलेल्या धोंड्यांनी हात पोळत होते. गोदूबाईही उठली. शेवटी मोकळ्या जमिनीवर धर्मेश परत चकती फिरवायला लागला, एकदा उभी, एकदा आडवी. एका जागी तो थांबला. परत नेली. परत.

"इकडे या. ऐका," तो म्हणाला. "पत्थर कसा बोलतो? असा लांब, रडल्यासारखा. एका बाजूने बोलतो, दुसऱ्या बाजूने गप. हा ऐका. छोटा, साफ. दोन्ही बाजूने. वैसाच." त्यानं सुनेत्राकडे बघितलं. "काकी?"

"तिथंच हाय," सुनेत्रा म्हणाली.

तिनंच उकरून तांब्या काढला. गोदूबाईनं पाटल्या पुसल्या, पण हातात घातल्या नाहीत, कनवटीला लावल्या. सगळ्यांनी बसून भाकरी खाल्ली. हरिचंद्रनं आपली भाकरी घेऊन तिथेच, खड्ड्यांच्या कडेला बैठक मारली. सावलीत गेला नाही.

पुढचे दिवस त्या आवाजाच्या मागे गेले. आधी धोंडे काढायचे, मग जमीन ऐकायची, मग खणायचं. धर्मेश दुसऱ्या कामाचं बोलला नाही. पोकलेन खाली रस्त्याला येऊन उभा राहिला होता. त्याचा ड्रायव्हर दुपारी वर येऊन खड्डे बघून गेला आणि हसला. "विहीर खणताय का?" म्हणाला.

सुनेत्रा म्हणत होती त्या वरच्या अंगाला डोंगरावरून घरंगळून आलेला एक मोठा धोंडा अर्धा जमिनीत रुतला होता. त्याच्या कडेला चकती नेली की मशीन लांब रडायचं, आणि त्या रडण्यात मध्येच काहीतरी तुटक यायचं. धर्मेशला खात्री वाटेना. धोंडा हलवल्याशिवाय कळणार नव्हतं. कमलेशनं पहार लावली, धोंडा डुगलाही नाही. सुनेत्रानं जोर लावला. तिच्या हाताला चिंध्या बांधलेल्या, त्या सरकत होत्या.

"सर बाजूला," हरिचंद्र म्हणाला. त्यानं सदरा काढला. पहारेखाली लहान धोंडा टेकू दिला, सगळं अंग पहारेवर टाकलं. मानेच्या शिरा फुगल्या. "कमल्या, दुसरी लाव. सुनेत्रा, तू टेकू बग."

धोंडा उलटला. खाली ओलसर, काळपट मुरूम होता, मुंग्यांची अंडी होती. धर्मेशनं चकती नेली. आवाज छोटा आला, साफ आला. त्यानं आडवी नेली. तसाच आला.

टिकाव कुणी मारला नाही. सुनेत्रा आणि हरिचंद्र समोरासमोर उकिडवे बसून हातांनी उकरायला लागले. बोटांना आधी हिरवी माती लागली, मग वाटीचा काठ. तांब्या एका अंगानं चेपला होता. वाटी गंजून काठाला बसली होती. हरिचंद्रनं पहारेच्या टोकानं ती उचकटली आणि तांब्या उपडा केला. मातीचा गोळा पडला. त्यात चिंधीचा कुजलेला धागा, काळेठिक्कर वाळे, ठुशी आणि पुतळ्या. माळेचा दोरा राहिला नव्हता. पुतळ्या सुट्या झाल्या होत्या आणि काल घडवल्यासारख्या पिवळ्या होत्या.

"आई शप्पथ," कमलेश म्हणाला.

धर्मेशनं इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "काका, किसी को बोलना मत. गावात गवगवा नको. लोग अच्छे नही होते."

"मना सगल्यांना सांगायचाय," सुनेत्रा म्हणाली.

ती रडत नव्हती. एकेक पुतळी उचलून पदरानं पुसत होती. हरिचंद्र तसाच उकिडवा बसला होता, दोन्ही हात मुरमात. त्याच्या नाकावरून घाम टपटपत होता. तो म्हणाला, "चुकला माझा."

"मना कशाला सांगता? माझे तोंडावर नव्हता बोलला तुमी. चौकात बोलला व्हता."

"व्हय."

"मी तेवाच म्हनलं असतं, की काढून बगू, जमीन खनू. पन कुठं खनायचं ते ना तुमाला ठाव, ना मना. म्हंजे तुमालापन ठाव नव्हतं, भावजी. ठाव नसताना बोललात."

"व्हय," हरिचंद्र परत म्हणाला.

गोदूबाईनं पुतळ्यांचे दोन वाटे केले, पदर पसरून, एक इकडे एक तिकडे. ठुशी तिनं सुनेत्राच्या वाट्यात घातली. हरिचंद्र म्हणाला, सगळंच दे तिला. सुनेत्रा म्हणाली, "नको. अर्धा म्हंजे अर्धा. ठुशीचे बदल्यात वालं तुमी घ्या." तिनं तोलून मापून वाटा घेतला आणि जिज्ञासाच्या ओढणीत बांधला.

सकाळी हरिचंद्र धुतलेलं धोतर नेसून चौकात आला. सुनेत्रा पोळ्यांना निघाली होती, ती रिक्षा स्टँडच्या कडेला थांबली. जाईन जाईन म्हणत होती, पण पाय निघेना. देवळाच्या कट्ट्यावर नेहमीची मंडळी होती. दोन-चार म्हातारे, बाकी पोरं, मोबाइलात माना घातलेली. हरिचंद्र बसला नाही. उभ्यानंच म्हणाला, "आयकून घ्या. आमचे आयशीचे डाग वरकसात निंगाले. रामानं नव्हते इकले. मी खोटा बोललो व्हतो."

एका म्हाताऱ्यानं, "असा? निंगाले का? बरा जाला," म्हटलं आणि तंबाखू तोंडात टाकली. दुसऱ्याला ऐकूच गेलं नाही. पोरांमधल्या एकानं मान वर केली.

"काय झालं, काका? कुठले डाग?"

"पुतळ्यांचे. ते रिक्षेचं."

"कुठली रिक्षा?"

 त्या पोराला काहीच ठाऊक नव्हतं. कट्ट्यावरच्या अर्ध्या लोकांना ठाऊक नव्हतं. कुणी नव्यानं घर बांधून आलेले, कुणी तेव्हा जन्मलेच नव्हते. तो विषय गावात कधीच संपला होता. फक्त त्या दोन घरांतच तो राहिला होता.

"राहू द्या ना, काका," पोरगा म्हणाला. "सापडलं ना? मग पार्टी द्या."

सुनेत्राला वाटलं, आता हा वळेल आणि घरी जाईल. एवढंच बोलायचं होतं, ते बोलून झालं. हरिचंद्रनं गमछ्यानं तोंड पुसलं. मग तो कट्ट्याच्या कडेला, पोरांच्या मध्येच टेकला.

"तो मोबाइल ठेव जरा," तो म्हणाला. "माजा एक भाव व्हता. रामभाऊ नाव त्याचा. अंबरनाथला कंपनीत व्हता. कंपनी बंद पडली, हिशेब मिलाला, त्यातून त्यानं रिक्षा घेतली. सोताच्या पैशानं घेतली. आनि मी इथं, या देवलासमोर उभा राहून काय बोललो, ते आयक."

पोरानं मोबाइल मांडीवर पालथा ठेवला. बाजूचे दोघं सरकून जवळ आले. हरिचंद्र सांगत होता, मध्येच अडत होता, मागचं राहिलेलं परत सांगत होता. स्टँडवरचा रिक्षावाला सुनेत्राला म्हणाला, "मांजर्ली ना, काकी? बसा."

"तू जा," सुनेत्रा म्हणाली. "मी मागचीनं येते."